कारवारची मासळी बेळगावात विकायची आहे? आधी तुमचा पैसा कुठल्या होडीला दिसतो ते बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही अनगोळचे. नोकरी सोडून कारवारजवळच्या माजाळीच्या मित्रामार्फत मासळी आणायची, व्हॉट्सॲपवर ऑर्डर घ्यायच्या आणि टिळकवाडी, शहापूर, वडगावात घरपोच द्यायची असा तुमचा बेत आहे. मधले दलाल काढले की मच्छीमाराला भाव जास्त मिळेल आणि गिऱ्हाईकाला मासा स्वस्त पडेल, असा हिशेब तुम्ही मांडलाय. भांडवल कमी आहे ही काळजी आणि घाटावरच्या एका विक्रेत्याने काही फरक पडतो का ही शंकाही लिहिली आहे. आणि शेवटी लिहिलंय, ‘समुद्रातला मासा कमी होत चाललाय म्हणतात, त्यात माझा हातभार लागू नये, हे कसं साधायचं?’

मी बेळगावच्या कॅम्पात सत्तावीस वर्षं मासळी विकते. सासूबाई माजाळीच्या खारव्यांतल्या, म्हणजे मच्छीमार समाजातल्या. त्यांनी डोक्यावर टोपली घेऊन सुरू केलेला धंदा मी चालवते. त्यामुळे सांगते, तुमच्या शेवटच्या ओळीचं उत्तर मिळाल्याशिवाय वरचा बेत ठरवू नका. गाडी, ॲप, पाकिटं ही सोय महिनाभरात होते. कुणाकडून घ्यायचं, कुठल्या महिन्यात काय घ्यायचं आणि कशाला नाही म्हणायचं, हे एकदा चुकलं की दोन वर्षं निस्तरावं लागतं.

आधी ‘मधले दलाल’ या शब्दाबद्दल. बैतखोलच्या बंदरावर किंवा माजाळीच्या किनाऱ्यावर पहाटे लिलाव होतो तेव्हा मध्ये कोण कोण असतं ते एकदा उभं राहून बघा. दोन क्रेट घेऊन मासा निवडणारी, साफ करणारी, उरलेला खारवणारी बाई असते. बर्फवाला असतो. आणि जुलै महिन्यात होडीवाल्याच्या घरी पैसे देणारा व्यापारी असतो. या तिसऱ्याला तुम्ही दलाल म्हणताय, आणि त्याच्यामुळे भाव पडतो हे खरंच आहे. पण तो जुलैत पैसे का देतो, ते समजून घ्या.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिकी मासेमारी बंद असते. इंजिन न लावलेल्या पारंपरिक होड्यांना मुभा असते, पण पावसाळी समुद्रात त्यांचेही बरेच दिवस कोरडे जातात. या काळासाठी सरकारची एक मदत आहे. मच्छीमाराचे स्वतःचे थोडे आणि सरकारचे थोडे, मिळून काही हजार रुपये हप्त्याहप्त्याने मिळतात. त्यात घर चालत नाही. जाळी दुरुस्त करायची असतात, शाळा सुरू झालेली असते. मग व्यापारी उचल देतो, आणि ऑगस्टपासून त्या होडीचा मासा त्यालाच, त्याच्याच भावाने जातो. आपल्याकडे ऊसतोडीची उचल असते ना, अगदी तशीच. तुम्ही ऑक्टोबरात जाऊन किलोमागे वीस रुपये जास्त देतो म्हणालात तरी तो मच्छीमार तुम्हाला मासा देऊ शकत नाही. तो बांधलेला असतो. म्हणून मधल्या माणसाला काढायचं असेल तर त्याचं जुलैतलं काम कोण करणार, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. उचल द्यायला तुमच्याकडे भांडवल नसेल, पण दुसरी वाट आहे. तिच्याकडे खाली येते.

आता मासा कमी होण्याबद्दल. इथे सरसकट बोलून चालत नाही, कारण प्रत्येक माशाची गोष्ट वेगळी आहे. तारलीचं बघा. केरळात २०१२ साली जवळजवळ ४ लाख टन तारली मिळाली होती आणि २०२१ साली ३,२९७ टन. मधल्या पडझडीत समुद्राच्या तापमानाचा, एल निनोचा वाटा मोठा होता, असं केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ सांगतात. तारली कधी किनाऱ्याला भरभरून येते आणि कधी वर्षानुवर्षं रुसते. ते आपल्या हातात नाही. पण वाईट वर्षांत उरलेला मासा अंडी घालण्याआधीच उपसून काढला तर चांगलं वर्ष आलं तरी भरून निघत नाही. एवढा भाग आपल्या हातात आहे.

बांगडा साधारण १८-१९ सेंटीमीटरचा झाला की पहिल्यांदा अंडी धरतो. म्हणजे वीतभर. त्याहून लहान बांगडा म्हणजे एकदाही न व्यालेला मासा. केरळने २०१५ साली विक्रीयोग्य किमान आकार ठरवले, त्यात बांगडा १४ आणि तारली १० सेंटीमीटर आहे. ही कायद्याची खालची रेघ झाली, तिच्यावर थांबावं असं मला वाटत नाही. मी माझ्या दुकानात सुरीच्या पाटावर खिळ्याने एक खूण केली आहे, १८ सेंटीमीटरवर. सुरमईचं (कारवारला इसवण म्हणतात) तर फारच वाईट आहे. ती साधारण ७० सेंटीमीटरला वयात येते, आणि बेळगावात हौसेने विकली जाते ती हातभर ‘बेबी सुरमई’. छोट्या कुटुंबाला पुरते, तुकडे नीट पडतात, स्वस्त पडते. ती मी आता ठेवत नाही. त्यामुळे दर रविवारी दोन-तीन गिऱ्हाइकं परत जातात, हेही सांगून ठेवते.

यातली एक गोष्ट मला उशिरा कळली आणि तुम्हाला ती पहिल्या दिवसापासून माहीत हवी. किनाऱ्यावर आलेला लहान मासा तुम्ही नाकारलात म्हणून एकही मासा वाचत नाही. तो मेलेला असतो. तुम्ही नाही घेतला तर तो कवडीमोलाने फिशमीलवाल्याच्या ट्रकात जातो, मंगळूर-उडुपीकडच्या कारखान्यात त्याची भुकटी होते, आणि नुकसान मच्छीमाराचं होतं. दोन हंगाम मी मोठ्या अभिमानाने टोपल्या परत केल्या. तेव्हा माजाळीच्या एका म्हाताऱ्या तांडेलाने (होडीच्या म्होरक्याने) मला बाजूला घेऊन विचारलं, ‘वहिनी, नको म्हणायचं तर जाळं भरायच्या आधी म्हणा. आता म्हणून काय उपयोग?’

त्यानंतर मी बोलण्याची जागा बदलली. आकाराचा करार हा खरा जाळ्याच्या आसाचा करार असतो. आस म्हणजे जाळ्याचा डोळा. उभ्या गळफासाच्या जाळ्यात मासा डोक्याने शिरतो आणि कल्ल्याशी अडकतो. डोळ्याहून बारीक मासा पार निघून जातो आणि फार जाड मासा अडकतच नाही. बांगड्यासाठी ५० मिलिमीटरच्या आसपासचा आस असेल तर येणारा माल बराचसा एकसारखा आणि वयात आलेला असतो. म्हणून माझे ठरलेले पाच होडीवाले आहेत. सप्टेंबरात, जाळी समुद्रात पडायच्या आधी आम्ही बसतो. कुठलं जाळं, कुठला आस, आठवड्यातले कुठले दोन दिवस, किती किलो, हे बोलून घेतो. त्यातूनही थोडा बारीक मासा आलाच तर मी तो त्या दिवशी भाव पाडून का होईना पण घेते, आणि पुढच्या वेळी जाळं बघायला मागते.

पारंपरिक म्हणजे सगळं चांगलं, असंही समजू नका. माझ्या सासूबाईंचं सगळं बालपण रांपणीवर गेलं. लांबच लांब जाळं होडीतून अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकांना माणसांनी वाळूत पाय रोवून ओढायचं. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा, आणि सहज हात लावायला आलेल्यालाही मूठभर मासे. सत्तरच्या दशकात पर्ससीन, म्हणजे थव्याला वेढून आवळायच्या मोठ्या जाळ्यांच्या बोटी आल्या आणि रांपण मोडत गेली. किनाऱ्याला येणारा थवा बाहेरच्या बाहेर बटव्यासारखा गोळा होऊ लागला. त्याचं दुःख आमच्या घरात अजून आहे. पण रांपण माशाचा आकार निवडत नाही, किनाऱ्यालगतचं बारीकसारीक सगळं तिच्यात येतं. फरक एवढाच की ती किनारा सोडून जाऊ शकत नाही आणि माणसांच्या दमाएवढीच ओढली जाते. म्हणून रांपणीचा मासा मी घेते, पण पिल्लांचे दिवस सोडून.

एलईडीच्या दिव्यावर मासे गोळा करून पकडायला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. तरी रात्री दिवे दिसतात, असं मच्छीमार स्वतःच सांगतात. बेळगावात पोचलेल्या माशावर तो दिव्याखाली पकडलाय की नाही हे लिहिलेलं नसतं. म्हणून घाऊक बाजारातून, कुणाचा ते माहीत नसलेला माल घेऊन ‘शाश्वत’ असा शिक्का मारू नका. गिऱ्हाइकाची ती फसवणूक होईल.

तुमच्या मुख्य शंकेवर आता येते. आपल्यासारख्या वर घाटावरच्या एका विक्रेत्याने काही फरक पडतो का? पर्ससीनवाल्याला पडत नाही. त्याच्या एका फेरीत टनांनी माल असतो, तुमचे तीस किलो त्याला जाणवतसुद्धा नाहीत. पण चार जणांच्या छोट्या होडीला आठवड्यातून दोनदा तीस किलोचा ठरलेला, रोख पैसे देणारा गिऱ्हाईक म्हणजे फार मोठी गोष्ट आहे. तिथे तुम्ही आसाबद्दल बोललात तर ऐकलं जातं. तुमचा पैसा ज्या होडीला दिसतो त्याच होडीकडून घ्या. भांडवल कमी आहे याची तुम्हाला काळजी वाटते, पण या कामात ते कमी असणंच सोयीचं आहे.

आणि उचलीवरची दुसरी वाट हीच. मी उचल देत नाही, पण पैसे त्याच दिवशी देते. शिवाय हंगामात प्रत्येक फेरीला ठरलेली थोडी रक्कम बाजूला काढून होडीवाल्याच्या बायकोच्या नावावर पोस्टात भरते, ती जूनमध्ये निघते. पैसा त्यांचाच असतो, फक्त पावसाळ्यासाठी राखलेला. पाचपैकी तीन घरं आता व्यापाऱ्याची उचल घेत नाहीत. दोन अजून घेतात, कारण एकाचं इंजिन गेलं आणि एकाच्या घरात दुखणं निघालं. सगळ्यांना हे जमेलच असं नाही.

आता बेळगावच्या बाजूने. इथलं गिऱ्हाईक चारच नावं ओळखतं: बांगडा, सुरमई, पापलेट, कोळंबी. छोट्या होडीच्या जाळ्यात मात्र शेवटे, लेपा, मुडदुशी, पेडवे, सौंदाळे, मोदकं असं दहा प्रकारचं येतं. चार सोडून बाकीचं तुम्ही उचललं नाही तर होडीवाला त्या चारांच्याच मागे लागेल. माझ्या मते विक्रेत्याची खरी कसोटी इथे आहे. मुडदुशी आमच्या गल्लीत कुणी विचारत नव्हतं. मी साफ करून, मीठ-हळद लावून, रव्यात कसं तळायचं ते सांगून दिली. आज ती आधी संपते. लोक काट्याला घाबरतात. पेडव्याला काटे असतात, पण तिरफळं घालून आटवलेले पेडवे दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ले की तक्रार राहत नाही. तुम्ही घरपोच देणार आहात, तर ‘आज जे आलं ते’ अशी एक पिशवी ठेवा. ठरलेला भाव, ठरलेलं वजन, मासा समुद्र ठरवेल. सुरुवातीला दहा घरं मिळाली तरी पुष्कळ झाली.

वर्षाचं गणितही बघा. १ ऑगस्टला बोटी सुटतात, नारळी पौर्णिमेनंतर किनारा भरतो, आणि नेमका तेव्हाच आपल्याकडे श्रावण असतो. मग गणपती. माल भरपूर आणि मराठी घरात मासा बंद, म्हणून किनाऱ्यावर भाव कोसळतो. तेव्हा कॅम्पातली ख्रिस्ती, मुसलमान, गोवेकर कुटुंबं आणि लष्करातली माणसं आम्हाला तारतात. तुमची गिऱ्हाइकं फक्त अनगोळ-शहापूरची असतील तर ऑगस्टमध्ये सुरू करून हात पोळून घेऊ नका. ऑक्टोबर ते डिसेंबर हा शिकायचा काळ.

जून-जुलैत काय विकायचं, हे तुम्ही विचारलंच नाहीये, आणि तिथेच लोक घसरतात. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, त्यामुळे जूनच्या शेवटी तिकडचा माल ट्रकने इथे येतो. तो विकायला हरकत नाही, पण ‘कारवारचा’ म्हणून विकू नका. दुसरा पर्याय हिडकलच्या जलाशयातला कटला आणि रोहू. साठलेल्या पाण्यात या माशांची वीण फारशी होत नाही, दरवर्षी बोटुकली (बोटभर पिल्लं) सोडूनच तो साठा टिकतो, म्हणून तो घेण्यात मला अडचण वाटत नाही. पण पहिल्या पावसात खानापूर-चंदगडकडे ओढ्यांतून शेतात चढणारे मासे, चढणीचे मासे, मी विकत नाही. चवीला ते कितीही चांगले असोत, पोटात अंडी घेऊनच ते वर चढत असतात. आणि थायी किंवा आफ्रिकन मांगूर कुणी स्वस्तात आणून दिला तर दारात उभा करू नका. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे आणि तो नदीत सुटला तर बाकीचे मासे खातो.

तिसरा पर्याय, माझ्या आवडीचा, सुकी मासळी. ऑक्टोबरात बांगड्याचा भाव पडतो तेव्हा माजाळीच्या बायका तो खारवतात. वाळूवर वाळवलेला मासा कचकच लागतो आणि भाव निम्मा होतो. बांबूच्या मांडवावर जाळी ताणून वाळवला तर स्वच्छ राहतो. मी चार घरांना असे मांडव घालून दिले आणि मे महिन्यात भरून ठेवायला लागणारा खारा बांगडा ऑक्टोबरातच ठरवून घेते. बंदीच्या दोन महिन्यांत बेळगावात खाऱ्या बांगड्याला आणि सुकटीला भरपूर मागणी असते. तो पैसा थेट बायकांच्या हातात जातो. तुम्ही ‘मधले’ म्हणून काढायला निघालात त्यात याच बायका होत्या.

बर्फाबद्दल मात्र मी हट्टी आहे. एक किलो माशाला एक किलो बर्फ, तळाला बर्फ, मध्ये मासा, वर बर्फ, आणि पेटीला खाली भोक, म्हणजे रक्ताचं पाणी साचत नाही. कारवारहून कद्रा, अणशीचा घाट, जोयडा, रामनगर, खानापूर असं यायला चार-पाच तास लागतात. एका सप्टेंबरात घाटात झाड पडलं, गाडी रात्रभर अडकली, आणि मी बर्फात काटकसर केली होती. सकाळी बांगडा दिसायला बरा होता म्हणून विकला. दोन घरांतल्या लोकांची तोंडं लाल झाली, अंगाला खाज सुटली. बांगडा, तारली, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन जास्त असतं. मासा गरम राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि ते तळून-उकळून जात नाही. त्या दोन्ही घरी जाऊन मी माफी मागितली. तेव्हापासून गाडी दोन तासांहून जास्त अडकली आणि पेटीतला बर्फ विरघळला की बांगडा फेकून देते, कितीही असो.

एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आधी करा. बर्फाच्या पेटीची दुचाकी घ्यायची असेल तर २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्याची तरतूद होती, ती अजून चालू आहे का ते विचारा. मत्स्य विभागाच्या कार्यालयातला अर्ज कन्नडमध्ये असू शकतो, मित्राची मदत घ्या.

एक गोष्ट तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. माजाळीचा तुमचा मित्र स्वतः होडीवर जातो की फक्त गावात राहतो? जात असेल तर त्याच्याच होडीपासून सुरू करा आणि पहिलं वर्ष दुसरी होडी जोडू नका. नुसता गावात राहत असेल तर तोही एक मधला माणूसच होईल. मग त्याचा वाटा आधीच ठरवून सगळ्यांसमोर सांगा.

नोकरी एवढ्यात सोडू नका. ऑक्टोबरात चार शनिवार पहाटे माजाळीला जा, काही विकत न घेता लिलाव बघा, जाळी हातात घेऊन आस मोजा. पाचव्या शनिवारी पंधरा किलो घेऊन या. येताना कॅम्पात माझ्याकडे थांबा. मी साडेपाचला दुकान उघडते. कल्ले उघडून कुठला मासा काल रात्रीचा आणि कुठला परवाचा, ते दाखवेन.